बाहेर रांग होती

३ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद आहेतच. दर पत्रात नव्याने लिहायचे तर बोटं दुखतात, म्हणून कायमचे दिले असं समज. तुझं मागचं पत्र मिळालं. त्यात तिकडच्या कबुतरांवर दीड पान आहे आणि तू नीट जेवतोस की नाही यावर एक ओळ नाही. गाद्यांच्या कारखान्यात लागलास हे वाचून हसू आलं. लहानपणी तुला गादीवर टिकवायला दोन माणसं लागायची.

फोन करू नकोस. डावा कान गेलाच आहे, उजवा जायच्या बेतात आहे. फोनवर मी नुसती ओरडते, आणि खालचे लोक वर येऊन काय झालं म्हणून विचारतात.

काम असं आहे. तुझा काका तू राहतोस त्याच शहरात आहे. वर्षातून एक कार्ड टाकतो, त्यावर पत्ता आणि ‘ठीक’ एवढा एक शब्द. एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करतो. तो गेला तेव्हा तू रांगत होतास, म्हणून कसा गेला ते सांगते. सगळे जेवायला बसलो होतो. मीठ कमी आहे म्हणाला. तुझे बाबा म्हणाले, “आयतं गिळणाऱ्याने मीठ मोजू नये.” धाकटा भरल्या ताटावरून उठला आणि निघून गेला. मी त्याचं ताट झाकून ठेवलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. मीठ खरंच कमी होतं. तुझे बाबा गेले तेव्हा मी कळवलं होतं. त्या वर्षीच्या कार्डावर फक्त पत्ता आला.

आता घरमालक खोल्या मागतोय. त्याच्या मुलाचं लग्न ठरलंय. मार्चच्या पहिल्या आठवड्यात काय ते सांगा म्हणाला. मी नाही म्हटलं तर तो काही मला बाहेर काढणार नाही, भला आहे. पण जिना, सिलिंडर, दळण हे एकटीने ओढवत नाही, हे त्याला दिसतं आणि मलाही. ताई म्हणते, माझ्याकडे ये. तुझी बहीण गुणाची आहे, पण तिच्या घरी मी पाहुणीच राहणार. धाकटा परत येणार असेल तर मी खोल्या धरून ठेवते. दोघांचं मिळून एक धड माणूस होईल.

तेवढं त्याला विचार. माझ्या नावाने विचार, गळ घालू नकोस. आणि मध्येच कुठे भरकटू नकोस.

आत्या

१९ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी निघणार होतो, पण त्या दिवशी कारखान्यात मशीन बंद पडलं आणि आम्ही सगळे गाद्यांवर आडवे झालो. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी स्वतः भरलेल्या गादीवर झोपलो. चांगली नाही. लोकांना सांगू नकोस. दिवसभर दुसऱ्यांच्या झोपेची सोय करायची आणि आपण रात्री जाजमावर पाठ टेकायची असं चाललंय. पाठीचे पार तीन तेरा वाजलेत. पण ते असो, तू म्हणालीस भरकटू नकोस.

काका भेटले. म्हणजे आधी दोनदा नाही भेटले, मग भेटले. हॉटेलच्या मागच्या बाजूला एक लोखंडी दार आहे, त्यातून सारखी वाफ येते, जणू आत कोणी डोंगर उकडत ठेवलाय. त्या वाफेतून एक म्हातारा बाहेर आला, आणि आत्या, तो डावा खांदा पाडून चालत होता. अगदी तुझ्यासारखा. मी काही बोलायच्या आत माझ्याकडे बघून म्हणाले, “दादाचं नाक.” बस. ना कसा आहेस, ना कधी आलास. मग म्हणाले, गुरुवारी सुट्टी असते, दुपारी नूडल्स खायला ये, आणि पत्ता सांगून परत वाफेत गेले.

तर ते दुकान. जपानी नूडल्सचं आहे. तू शेवया म्हणशील, पण आपल्या शेवया याच्यापुढे शिवणाच्या दोऱ्यासारख्या. दुकान आपल्या स्वयंपाकघरापेक्षा थोडंसंच मोठं. आत शिरल्या शिरल्या एक मशीन असतं, तिकिटाच्या खिडकीसारखं. पैसे टाकायचे, फोटोवरचं बटण दाबायचं, चिठ्ठी बाहेर येते. मी घाईत दाबलं आणि माझ्या हातात नुसत्या एका उकडलेल्या अंड्याची चिठ्ठी आली. काकांनी दुसरं बटण दाबून दिलं. एक लांब फळी, तिच्यासमोर उंच स्टुलं, पलीकडे स्वयंपाकी. कोण आलं की तो ओरडतो, कोण गेलं की ओरडतो, मध्ये एक अक्षर बोलत नाही. मोठ्या हंड्यात नूडल्स उकळतात, तो त्या जाळीच्या गाळणीत घेऊन हात असा झटकतो की पाणी बरोबर जमिनीवरच्या मोरीत पडतं.

आणि भुरके! बाबा असते तर प्रत्येकाच्या डोक्यात टपली मारत फिरले असते. कोटवाले लोक, म्हाताऱ्या बायका, सगळे वाडग्यात तोंड घालून भुर्रर्र. मला मात्र होईना. मी तोंड मिटून गुपचूप खात होतो, जणू बाबा मागेच उभे आहेत. जीभ पोळली ती वेगळीच.

वाडगे समोर आले तसं मी म्हटलं, आत्याने तुम्हाला विचारायला सांगितलंय. ते म्हणाले, “आधी खा.” मी म्हटलं बरं, खाता खाता बोलू. थोड्या वेळाने परत विषय काढला. त्यांनी मान वर न करता हातानेच वाडगा दाखवला. मी खाल्लं. ते खात होते. मग त्यांनी दोन्ही हातांनी वाडगा उचलला, तळाचा रस्सा प्यायले, वाडगा वरच्या कट्ट्यावर ठेवला, फडक्याने आपल्यापुढची फळी पुसली, आणि उठले. माझ्याकडे बघून मान हलवली आणि दाराबाहेर गेले.

मी अर्ध्यावर होतो, आत्या.

आपल्याकडे मोठं माणूस लहानातल्या लहानाचं होईपर्यंत हात वाळवत बसतं, हे काय मी तुला सांगायचं? मला असं झालं की सगळं दुकान माझ्याकडे बघतंय. बघत नव्हतं कोणी. पण मी हट्टाने बसून राहिलो. उरलेल्या रश्शात घालायला आणखी नूडल्स मागवता येतात, तेही मागवले, ते सावकाश चिवडले. मग बाथरूमच्या बाजूला एक दार आहे, ते मागच्या गल्लीत उघडतं, बस तिथूनच मिळते, तिकडून निघून आलो.

काय ते उत्तर मिळालंच म्हणायचं. तुला बरं वाटेल असं काहीतरी लिहिणार होतो, पण आज तेवढा दम नाही.

तुझा
भिंगरी

६ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र काल आलं. आज सकाळी घरमालकाला हो म्हणून सांगून टाकलं. त्याच्या बायकोने चहा पाजला. तिला माझं वाईट वाटत होतं आणि खोल्या मिळाल्याचा आनंदही लपत नव्हता, बिचारी कप कितीदा उचलायची आणि खाली ठेवायची.

तुझी काही चूक नाही. विचारलंस, त्याने सांगितलं. उठून जायची त्याची रीतच आहे. वय झालं म्हणजे माणूस बदलतो असं आपल्याला वाटतं, कारण आपल्याला तसं वाटायला हवं असतं.

शिवणयंत्र विकलं नाही, ताईच्या गॅलरीत बसेल. खिडकी आपटू नये म्हणून टेकवायची ती लाकडी पट्टी मात्र इथेच राहू दिली. ती त्या खिडकीचीच आहे.

पुन्हा त्याच्याकडे जाऊ नकोस. उगाच दर गुरुवारी कोणापुढे हात पसरल्यासारखं नको. पुढचं पत्र ताईच्या पत्त्यावर टाक. आणि पाठीला शेक घे.

आत्या

२७ मार्च

आत्या,

आधी वाच आणि मग मला काय बोलायचं ते बोल.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कामावर गेलोच नाही. चालत सुटलो. एका ठिकाणी लोक कुत्र्यांना अंघोळी घालत होते ते बराच वेळ बघत बसलो. एका मोठ्या काळ्या कुत्र्याचा साबण काही केल्या निघत नव्हता. मग भूक लागली आणि पाय आपोआप त्या नूडल्सच्या दुकानाकडे वळले. गुरुवार नव्हता, म्हणजे काका नसणार, म्हणून तर गेलो.

खाऊन झालं. वाडगा रिकामा समोर, आणि मी तुझं पत्र काढून परत वाचत बसलो. पट्टी त्या खिडकीचीच आहे, ते वाक्य. तेवढ्यात दाराशी उभी राहून लोकांना आत सोडणारी बाई आहे, ती आली. वाकून, अगदी हळू, तिने माझा वाडगा कट्ट्यावर ठेवला आणि दाराच्या काचेतून बाहेर बघ म्हणून खूण केली. बाहेर रांग होती. लोक थंडीत खांदे आक्रसून उभे होते, आणि मी पत्र वाचत त्यातल्या एकाचं स्टूल अडवून बसलो होतो.

आत्या, तिथे कोणी कोणासाठी थांबत नाही. नवरा-बायको आले तरी ज्याचं आधी होतं तो उठतो. नूडल्स फुगतात म्हणून खाताना बोलायचं नाही, आणि बाहेर लोक उपाशी उभे आहेत म्हणून खाल्ल्यावर बसायचं नाही. बोलायचं ते बाहेर जाऊन, रस्त्यावर. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. काकांना सांगायचं सुचलं नसेल. इतकी वर्षं तिथे खाणाऱ्याला ती रीत आहे हेसुद्धा लक्षात राहत नाही.

मी माफी मागून उठलो तर त्या बाईने मला ओळखलं. मला त्यांची भाषा धड येत नाही, तिला माझी नाही, पण हातवारे करून तिने सांगितलं ते असं. त्या गुरुवारी म्हातारा बाहेर उभा होता. समोरच्या टपरीतून त्याने दोन कागदी पेल्यांत चहा आणला होता. ती म्हणत होती, इथून बाजूला हो, वाट अडतेय, तर तो सरकायचा आणि परत दारासमोर यायचा. दुपारचं दुकान बंद करायला तिने शटर ओढलं तरी तो तिथेच. शेवटी एक पेला तिला दिला आणि गेला. थंडगार झाला होता, म्हणाली. पण ती प्यायली.

मी तसाच धावत हॉटेलच्या मागच्या दाराशी गेलो. काका आले. कपाळावरून घाम गळत होता. मला बघून परत जायला लागले. मी हात धरला आणि सगळं सांगितलं, बाथरूमजवळचं दार, बस, सगळं. त्यांनी बाहीने कपाळ पुसलं. मग म्हणाले, “मला वाटलं, तू उठून गेलास. म्हटलं, आपल्याच घरचा.”

मी तुझा प्रश्न विचारला. या वेळी नीट, तू लिहिला होतास तसा. त्यांनी मला विचारलं, अक्का त्या खिडकीला अजून पट्टी टेकवते का? मी हो म्हटलं. काय म्हणणार होतो? ते म्हणाले, “सांग तिला. येतो.”

तिथून मी ताईला फोन केला, म्हटलं घरमालकाला थांबव, काहीही सांग. ताई म्हणाली, सामान येऊन आठवडा झाला, आणि तिकडे वर रंगारी लागलेत.

आता काय करू ते सांग. काकांना खोल्या गेल्याचं अजून सांगितलेलं नाही. मी एका वाडग्यासाठी तुझं घर घालवलं, आत्या. गाद्यांच्या ढिगाकडे बघितलं तरी डोळे भरून येतात, झोपेने की कशाने ते कळत नाही.

भिंगरी

१२ एप्रिल

भिंगरी,

डोळे पूस. घर मी घालवलं. तू लिहिलंस तो उठला, आणि मी पुढचं एक अक्षर विचारलं नाही. मला ते ओळखीचं वाटलं. पत्र वाचताना मी मान हलवत होते, ताई तेव्हा आली होती, तिला विचार.

इथे बरं आहे. ताईचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. माझी खाट हॉलमध्ये, टीव्हीच्या भिंतीला. मुलं अभ्यासाला बसली की मी गॅलरीत जाते, मुलं खेळायला गेली की आत येते. जावई इतक्या अदबीने वागतात की शिंकायची चोरी झालीय. ताई मला काही करू देत नाही. दिवसभर काही न करता इतकं थकायला होतं, हे मला माहीत नव्हतं.

धाकट्याला खोल्यांचं सांगू नकोस. फसवायचं म्हणून नाही. मी समोर बसून सांगेन. तो त्या खिडकीसाठी येतोय की माझ्यासाठी, ते मलाही बघू दे. मग तो परत गेला तरी चालेल. चालेल असं लिहिते आहे, प्रत्यक्षात चालेल की नाही ते तेव्हा बघू.

तू लिहिलंस की तो दोन पेले घेऊन उभा होता. त्यात साखर किती होती, विचारशील का? तो फार गोड प्यायचा.

आत्या

२ मे

आत्या,

साखर अजून तेवढीच. मी चाखली, दाढा दुखल्या.

काकांनी नोकरी सोडली. लाँड्रीतल्या बायकांनी त्यांना एक चादर दिली, हॉटेलचं नाव उसवून काढलेली. तिकीट आठवड्याभराने आहे. सामान एक बॅग, तीही अर्धी रिकामी. मी म्हटलं इतक्या वर्षांचं एवढंच? तर म्हणाले, मी नेहमी दुसऱ्याचीच कपाटं भरली.

परवा गुरुवारी शेवटचं खायला गेलो. मी या वेळी बटण बरोबर दाबलं. आणि आत्या, मी भुरका मारला. पहिल्यांदा ठसका लागला, मग जमलं. गरम असतं ना, वारा आत ओढला की जीभ पोळत नाही. त्याच्यासाठीच असतो तो आवाज. बाबांना हे कोणी सांगायला हवं होतं. काका माझ्याकडे बघून नाकातल्या नाकात हसले. त्यांचं आधी झालं. वाडगा वर ठेवला, फळी पुसली, गेले. मी शेवटपर्यंत प्यायलो, आणि बाहेर आलो तर हे दोन पेले घेऊन उभे.

मग रस्त्यावर बोललो. जास्त तेच बोलले. भिंतीला टेकून, पेला दोन्ही हातांत धरून. पाय सुजतात त्यांचे, उभ्याचं काम ना. मी म्हटलं कुठेतरी बसू, तर म्हणाले इथेच बरं. आणि मग ते म्हणाले ते तुला जसंच्या तसं लिहितो, कारण मला वाटतं ते तुलाच सांगायचं होतं: “त्या दिवशीही मी जिन्यात थांबलो होतो. वाटलं, कोणीतरी बाहेर येईल. आतून भांडी घासल्याचा आवाज आला, तेव्हा खाली उतरलो.”

तू ताट झाकून आत बसली होतीस हे मला माहीत होतं, पण ते माझ्या तोंडून कशाला.

त्यांनी खिशातून एक वस्तू काढून दाखवली. पितळेचा आकडा, खिडकी अडकवायचा, हॉटेलच्या सुताराकडून घेतलेला. पट्टीची कटकट जाईल अक्काची, म्हणाले. तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं. तू सांगू नकोस म्हणालीस म्हणून गिळलं, पण बरोबर केलं की नाही देव जाणे.

मी? मी आहे इथेच. बघू. त्या दारावरच्या बाईने विचारलं, भांडी धुवायला माणूस हवाय. निदान तिथे बसून राहता येत नाही. माझ्यासारख्याला बरं.

भिंगरी

१० जून

भिंगरी,

तो आला. ताई आणि जावई आणायला गेले होते. मी दारात उभी होते. केस पार पांढरे झालेत. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि ताईचा धाकटा म्हणाला, हे दोघं सारखेच वाकडे आहेत.

खोल्यांचं सांगायची वेळच आली नाही. तो आत आला, हॉल बघितला, माझी खाट बघितली, खिडकीपाशी गेला. इथे सरकत्या काचा आहेत. त्याने काच थोडी सरकवून बघितली, परत लावली, आणि हात खिशात घातला तो काढला नाही. मी म्हटलं, मार्चमध्ये सोडल्या. तो म्हणाला, भिंगरीच्या तोंडावरून कळलंच होतं मला, त्याला काही लपवता येत नाही. म्हणजे बाबा रे, तू गिळलंस ते फुकट. माहीत असून तो आला. मला बघायचं होतं ते बघून झालं.

आता आम्ही खोल्या बघतोय. तळमजल्याच्या. दोन म्हातारी माणसं म्हटली की लोक चहा देतात आणि खोली देत नाहीत. उन्हातून फिरून आलो की तो हॉलच्या एका टोकाला आडवा होतो, मी दुसऱ्या. काल एकाने बघतो म्हटलंय. बघतो म्हणजे काय ते आम्हाला आता कळतं.

पण तुला लिहायचं होतं ते पहिल्या दिवसाच्या जेवणाचं. ताईने बेत केला होता, सगळे गोल बसलो. जावई त्याला प्रवासाचं विचारत होते. तो काही बोलेना, खाली मान घालून भराभर जेवत होता. मला वाटलं, दमलाय. मग त्याने ताट पुसून घेतलं, उठला, माझ्याकडे बघून मान हलवली, आणि दार उघडून बाहेर गेला.

सगळ्यांचे हात थांबले. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, तिला वाटलं काहीतरी चुकलं. जावई म्हणाले, मीठ वगैरे...? माझाही घास हातातच राहिला. खरं सांगते, क्षणभर मी पुन्हा त्या जुन्या स्वयंपाकघरात होते आणि ताट झाकायला उठणार होते.

उठलेच. ताट माझं होतं, अर्धं. आयुष्यात पहिल्यांदा भरल्या ताटावरून उठले, हात धुतला आणि बाहेर गेले.

तो लिफ्टच्या बाजूला भिंतीला टेकून उभा होता. चहा नव्हता एवढंच. मीही त्याच्या शेजारी टेकले. तो म्हणाला, “अक्का, तुझं जेवण व्हायचंय.”

म्हटलं, “झाकून आलेय.”

आत्या